रहस्य नसतानाही ‘अर्धसत्य’ का धरून ठेवतो?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण लिहिता की गेल्या रविवारी घरी वडिलांसोबत ‘अर्धसत्य’ हा गोविंद निहलानींचा १९८३ सालचा हिंदी चित्रपट पाहिला. आपले वय सव्वीस आहे आणि पोलिसी कथांच्या वेब मालिका पाहतच आपण मोठे झालात. या चित्रपटात खुनी कोण हे कोडे नाही, पाठलाग फारसे नाहीत, शेवट तर वडिलांनी आधीच सांगून टाकला होता, आणि तरीही त्या रात्री आपल्याला उशिरापर्यंत झोप लागली नाही. वडिलांनी तो चित्रपट तरुणपणी, प्रदर्शित झाला तेव्हाच पाहिला होता. एरवी चित्रपट चालू असताना सतत बोलणारे ते गृहस्थ शेवटचा अर्धा तास गप्प बसून राहिले. हे त्यांचे केवळ स्मरणरंजन आहे का, असे आपण विचारता. शिवाय आपण स्वतः एका फौजदारावर लघुपट लिहीत आहात, त्याच्या शेवटी एक गुपित उघड होणार आहे, आणि ते तसेच ठेवावे की नाही याचाही सल्ला आपल्याला हवा आहे.

माझ्या मते आपण विचारलेला प्रश्न आणि आपल्याला पडलेला प्रश्न यांत थोडे अंतर आहे. चित्रपट मोठा का मानला जातो, हे पुरस्कारांवरून सांगता येईल. ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हॅरीच्या चित्रपट महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून त्यांचा गौरव झाला. पण पुरस्कारांमुळे कोणाची झोप उडत नाही. सगळे ठाऊक असताना छातीवर दडपण येते ते कशाचे, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सापडले की लघुपटाचेही सापडेल.

मी गेली चौतीस वर्षे पुण्यात संकलनाचे काम करते. सुरुवातीची वर्षे फिल्मची पट्टी हाताने कापून चिकटवण्यात गेली, पुढची संगणकासमोर. माहितीपट, दूरचित्रवाणी मालिका आणि काही मराठी चित्रपट माझ्या टेबलावरून गेले, आणि अलीकडे मी संकलन शिकवतेही. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते कात्री हातात धरणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे आहे असे समजावे. या चित्रपटाबद्दल मला आणखी एक जिव्हाळा आहे. त्याचे संकलन रेणू सलुजा यांनी केले. त्या, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह ही तिन्ही माणसे आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात शिकलेली होती, आणि नायिका झालेल्या स्मिता पाटील तर पुण्याच्याच. माझ्या पिढीच्या ज्या मुलींना संकलन करायचे होते, त्यांच्यासाठी श्रेयनामावलीतले रेणूताईंचे नाव हा मोठा आधार होता.

आधी एक गोष्ट मान्य करते. चित्रपट कोणावर कसा परिणाम करतो हे बरेचसे परिस्थितीवर ठरते. भरलेल्या थिएटरात शेकडो माणसांसोबत श्वास रोखला जाणे वेगळे आणि दर दहा मिनिटांनी फोन वाजणाऱ्या दिवाणखान्यात पाहणे वेगळे. ज्याच्या घरात कोणी पोलीस खात्यात आहे, जो कधी रात्री तक्रार नोंदवायला ठाण्याच्या बाकावर बसला आहे, ज्याने लहानपणी वडिलांचा हात आईवर उठताना पाहिला आहे, अशा प्रत्येकाला या चित्रपटातली वेगळी जागा लागते. मी वर्गात हा चित्रपट दाखवते तेव्हा दरवर्षी दोनतीन विद्यार्थी अगदी थंड राहतात, आणि त्यांची समज कमी आहे असे मला कधी वाटले नाही. तेव्हा मी सांगते ते सर्वांना लागू पडेलच असे नाही. आपण झोप उडाल्याचे लिहिले आहे, म्हणून आपल्याला ते लागू पडेल असे वाटते.

थरार हा माहिती लपवल्यामुळे निर्माण होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोणी केले ते सांगू नका, म्हणजे लोक बसून राहतील. हे काही प्रमाणात खरे आहे, पण असा थरार एकदाच चालतो. गुपित कळले की दुसऱ्यांदा पाहताना हाताला काही लागत नाही. दुसरा एक थरार असतो तो गॅसवर ठेवलेल्या दुधासारखा. दूध वर येताना आपल्याला दिसते, ते उतू जाणार हेही ठाऊक असते, आणि नेमके म्हणूनच त्यावरून नजर हलत नाही. पोलिसांवरच्या चांगल्या चित्रपटात हे दूध म्हणजे उगारलेला आणि अडवलेला हात असतो. वर्दीतल्या माणसाला मारण्याची मुभा जवळजवळ मिळालेली असते, कायदा मात्र त्याला अडवत असतो, आणि अन्याय आपल्या डोळ्यांसमोर घडत असतो. आपण खुर्चीत बसून मनातल्या मनात म्हणत असतो, आता मार. ‘अर्धसत्य’चे सगळे बळ या एका इच्छेत आहे. ही इच्छा तो आपल्या मनात अतिशय काळजीपूर्वक वाढवतो आणि मग आपण मागितले ते देतो, पण भलत्याच माणसाच्या अंगावर.

हे कसे घडते ते जरा सविस्तर पाहू. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी इथे थांबून आधी तो पाहावा.

अनंत वेलणकर हा मुंबईतला तरुण फौजदार. झोपडपट्टीतल्या एका बाईची छेड काढणाऱ्या गुंडांना तो पकडून आणतो आणि कोठडीत बेदम मारतो. त्या वेळी प्रेक्षक त्याच्या बाजूने असतात. मी हा चित्रपट किमान तीस वेळा लोकांसोबत पाहिला आहे आणि या प्रसंगी सभागृहात समाधानाची एक हालचाल होते, ती अंधारातही जाणवते. चित्रपट आपल्याला त्या वेळी अडवत नाही, ‘हे चुकीचे आहे’ असे सुचवणारे संगीत वाजवत नाही. मग कळते की ते गुंड एका आमदाराची माणसे आहेत. वेलणकरच्या निलंबनाची मागणी होते, आणि त्याचा वरिष्ठ हैदर अली, म्हणजे शफी इनामदार, त्याला समजावतो की यातून सुटायचे तर दिल्लीपर्यंत ओळख असलेल्या एका मध्यस्थाचे पाय धरायला हवेत. वेलणकर वाचतो, पण ज्या यंत्रणेची त्याला चीड आहे तिच्याच मदतीने वाचतो. त्याच्या मनात आणि आपल्याही मनात पहिली उधारी इथे साचते.

पुढे ती वाढतच जाते. रामा शेट्टी या गुंडांच्या म्होरक्याच्या टोळीतला एक माणूस जळालेल्या अवस्थेत टाकून दिलेला सापडतो. वेलणकर त्याला रुग्णालयात नेतो, त्याची जबानी घेतो आणि त्या जबानीच्या आधारे शेट्टीला अटक करायला जातो. सगळे नियमाने, कागदावर, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण या वेळी त्याने हात उगारलेला नाही. शेट्टी एक फोन लावतो. पलीकडून एक मोठा अधिकारी वेलणकरला मागे फिरायला सांगतो. सदाशिव अमरापूरकर यांनी हा शेट्टी आवाज न चढवता उभा केला आहे. नगरच्या मराठी रंगभूमीवरून आलेला हा नट हिंदी पडद्याला तेव्हा नवाच होता, त्यामुळे पाहणाऱ्याजवळ या खलनायकाचा कोणताही आधीचा ठसा नव्हता. मारामारीत हरलेला नायक आपण सहन करू शकतो, फोनवर हरलेला नायक सहन करणे फार कठीण जाते, कारण तिथे उलटून मारायला समोर कोणी नसते. त्यानंतर वेलणकर जिवावर उदार होऊन एका दरोडेखोराला पकडतो आणि त्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला दिले जाते. उधारी आणखी वाढते. आता ती कोणी तरी फेडायलाच हवी, असे प्रेक्षकाच्या अंगातही भरते.

आणि ती फेडतो कोण, तर ट्रान्झिस्टर चोरल्याच्या संशयावरून पकडून आणलेला एक भुरटा चोर. वेलणकर प्यायलेला आहे. तो मारत सुटतो आणि त्याला थांबता येत नाही. तो माणूस मरतो.

या ठिकाणी संकलक म्हणून मला जे दिसते ते सांगते. मघापासून ‘मार’ म्हणणारे आपणच होतो. गुंडांना कोठडीत मारले तेव्हा जो हात आपल्याला आवडला होता तोच हा हात आहे, कोठडीही तशीच आहे. बदलला आहे तो फक्त मार खाणारा देह, आणि त्या देहाने आपले काहीही देणे लागत नव्हते. म्हणून आपण नुसते दुःखी होत नाही, आपल्याला अपराधी वाटते, आणि अपराधी वाटले की माणसाला झोप येत नाही. यापुढचा भागही पाहा. शेवटी वेलणकर ज्याच्यावर खरोखर हात टाकायला हवा होता त्या शेट्टीपर्यंत पोचतो, तेही मदत मागायला, आणि शेट्टीने त्याला आपल्या दावणीला बांधण्याची अट घातल्यावर त्याचा गळा दाबून जीव घेतो. योग्य माणूस अखेर सापडला, पण तोवर टाळी वाजवण्याचा हक्क आपण गमावलेला असतो. मी आजवर या प्रसंगाला कधी टाळी ऐकली नाही. वेलणकर स्वतःहून ठाण्यात हजर होतो आणि चित्रपट संपतो.

आता माझ्या एका चुकीबद्दल लिहायला हवे, कारण हे सगळे मला पुस्तकातून समजलेले नाही. वीसएक वर्षांपूर्वी मी एका पोलिसी मालिकेचे संकलन करत होते. एका भागात कोठडीतल्या मारहाणीचा प्रसंग होता. चित्रीकरण साधेच होते, म्हणून मी तो प्रसंग फार जलद कापला: पट्टा, भिंत, चेहरा, मूठ, पुन्हा पट्टा, खाली ढोलाचा ठेका. प्रसंग सर्वांना आवडला, मलाही आवडला. तो भाग प्रसारित झाला त्या रात्री मी सदाशिव पेठेत आईच्या घरी होते आणि माझे मामा, जे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, आमच्यासोबत पाहत होते. प्रसंग सुरू झाल्यावर ते उठून गॅलरीत गेले. मला वाटले त्यांना आवाज सहन झाला नाही. नंतर त्यांनी मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, कोठडीत असा आवाज नसतो. मारणाऱ्याला धाप लागते, तो मध्येच थांबतो, पाणी पितो. त्या थांबलेल्या वेळात समोरचा माणूस त्याच्याकडे पाहत असतो, संपले असे त्याला वाटते, आणि ते संपलेले नसते. हे सांगताना मामा माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी स्वतः हात उगारला होता की नुसते उभे राहून पाहिले होते, हे मी त्यांना विचारले नाही.

त्या रात्री मला माझ्या कामातली खोट दिसली. मी दर अर्ध्या सेकंदाला कट मारून प्रेक्षकाला त्या प्रसंगातून अलगद बाहेर काढले होते. जलद संकलनाने फटक्याचा जोर वाढतो असे आपल्याला वाटते, पण वजन मात्र कमी होते. प्रेक्षक मारणाऱ्याच्या हाताबरोबर नाचू लागतो आणि मार खाणारा माणूस तुकड्यातुकड्यांत नाहीसा होतो. मारणाऱ्याची धाप ऐकू येऊ दिली, तो थांबतो तेव्हा कट न मारता आपणही थांबलो, तर पाहणाऱ्याच्या मनात ‘आता पुरे’ हे शब्द उमटतात. ‘मार’पासून ‘आता पुरे’पर्यंत प्रेक्षकाला नेणे हे या जातीच्या चित्रपटाचे सगळ्यात अवघड काम आहे असे मी मानते.

‘अर्धसत्य’च्या आधी दहा वर्षे, १९७३ साली, ‘जंजीर’ आला होता, आणि आपल्याकडचा रागीट पोलीस अधिकारी लोकांच्या मनात ठसला तो तिथून. त्यातही प्रामाणिक अधिकारी खोट्या आरोपात अडकतो, तुरुंगात जातो, त्याची वर्दी जाते. पण वर्दी गेल्यावर तो अधिक मोकळा, अधिक बलवान होतो. वर्दी हाच त्याचा अडसर होता. त्या चित्रपटाचा आनंद खरा आहे, मी तो आजही घेते, पण तो मोकळे झाल्याचा आनंद आहे. वेलणकरच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. वर्दी काढली तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. निलंबनानंतर काय होते ते चित्रपट माइक लोबोच्या रूपाने आधीच दाखवून ठेवतो: नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला, दारूत बुडालेला निलंबित अधिकारी. हैदर अलीसारखे जुळवून घेतले तर नोकरी राहते, घर चालते आणि आत काहीतरी रोज थोडेथोडे विझत जाते. लोबोसारखे झाले तर रस्त्यावर येतो. दोन्ही वाटा वेलणकरला रोज समोर दिसत असतात आणि तिसरी सापडत नाही. रहस्य नसताना ताण कुठून येतो याचा हाही एक भाग आहे. कथेत काय होणार हे न कळण्यापेक्षा, या माणसाला जायला जागाच नाही हे कळणे जास्त बेचैन करते.

आणि हात मुळात आला कुठून, हेही चित्रपट सांगतो. वेलणकरचे वडील, म्हणजे अमरीश पुरी, स्वतः पोलीस खात्यात होते. मुलाला पुढे शिकायचे असताना त्यांनी त्याला खात्यात ढकलले. ते आईला मारत असत आणि लहान अनंत मुकाट्याने पाहत असे. कोठडीतला हात हा घरातल्या हाताचा मुलगा आहे. हिंदी चित्रपट असूनही मराठी प्रेक्षकाला तो परका वाटत नाही याचे कारण मला इथे दिसते. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, नाव ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, आणि चित्रपटाला नाव देणारी कविता दिलीप चित्र्यांची. नायक वेलणकर, नायिका ज्योत्स्ना गोखले, ती महाविद्यालयात शिकवते. कानावर हिंदी पडते, पण बाप समोर आला की मुलाचा आवाज जसा बदलतो तो आपल्या ओळखीचा आहे. चक्रव्यूहाची ती कविता वेलणकर ज्योत्स्नासमोर मोठ्याने वाचू लागतो तेव्हा सुरुवातीला सहज वाचत असतो आणि वाचता वाचता ती आपल्याचबद्दल आहे हे त्याला उमगत जाते. पोलिसी थरारपटात नायक कविता वाचतो आणि तो प्रसंग पाठलागाइतका घट्ट बसतो, हे मला फार मोठे यश वाटते. ओम पुरींच्या चेहऱ्यावर जे बदलत जाते त्यात कात्रीने ढवळाढवळ न करणे हेच तिथे संकलकाचे काम असते.

आता आपल्या वडिलांविषयी. १९८३ साली ज्या माणसाने हा चित्रपट पाहिला, त्याच्या डोक्यात १९८२ सालची मुंबई ताजी होती, मग तो पुण्यात राहणारा असला तरी. त्या वर्षी जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात वडाळ्याला मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला आणि ‘एन्काउंटर’ हा शब्द पुढे मराठी घराघरांत रुळला. ऑगस्टमध्ये तर मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले आणि शहर सावरायला लष्कर बोलवावे लागले. म्हणजे पोलीस हा मारणाराही आहे आणि पिचलेला नोकरदारही आहे, हे दोन्ही त्या काळच्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला एकाच वेळी ठाऊक होते. कोठडीतल्या माणसाच्या हक्कांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे डी. के. बसू खटल्यातले निर्देश यायला अजून तेरा वर्षे अवकाश होता. ते १९९६ साली आले. आपल्या वडिलांनी तो चित्रपट तेव्हा पाहिला तो शेजारच्या घरातली गोष्ट पाहावी तसा पाहिला असणार. परवाच्या रविवारी ते गप्प झाले याला मी स्मरणरंजन म्हणणार नाही. स्मरणरंजनात माणूस बोलू लागतो, अमुक थिएटर, तमुक तिकीट, कोण मित्र सोबत होता ते सांगतो. ते गप्प झाले, कारण तेव्हा तरुण असताना त्यांनी कुठल्या प्रसंगाला ‘मार’ म्हटले होते ते त्यांना आठवले असावे. हा माझा तर्क आहे. त्यांना विचारून पाहा, आणि त्यांनी सांगितले नाही तर आग्रह करू नका.

ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे असेही नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात मी विद्यार्थिदशेत जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा १९४९ सालचा ‘स्ट्रे डॉग’ पाहिला. युद्धानंतरचे टोकियो, भयंकर उकाडा, आणि गर्दीच्या बसमध्ये एका नवशिक्या पोलिसाचे पिस्तूल चोरीला जाते. मग त्याच पिस्तुलाने गुन्हे होऊ लागतात. गोळ्या झाडणारा कोण हे फार काळ लपून राहत नाही. आपण धास्तावतो ते पिस्तुलात किती गोळ्या उरल्या या हिशेबाने, आणि प्रत्येक गोळी त्या तरुण पोलिसाच्याच हातून सुटल्यासारखी त्याला लागते म्हणून. गोळ्या झाडणारा आणि पोलीस दोघेही युद्धावरून परतलेले, दोघांचेही सामान परतीच्या वाटेवर चोरीला गेलेले. एक गुन्हेगार झाला, एक पोलीस. इथेही हात एकाचा आणि घाव भलत्यावरच. वेलणकर मला त्याचा धाकटा भाऊ वाटतो.

इथवर जे म्हटले ते आपल्या लघुपटाच्या सोयीसाठी दोन वाक्यांत सांगायचे तर असे: प्रेक्षकाला आधी हात उगारावासा वाटला पाहिजे, आणि तो पडल्यावर परत घ्यावासा वाटला पाहिजे. या दोन इच्छांच्या मधले अंतर हाच आपला चित्रपट, आणि वीस मिनिटांत ते बसवणे शक्य आहे.

आपण लिहिलेल्या कथेत फौजदार एका चोराला कोठडीत मारतो आणि शेवटच्या मिनिटाला कळते की तो चोर त्याचाच लहानपणी घर सोडून गेलेला भाऊ आहे. माझा स्पष्ट सल्ला असा की हे गुपित शेवटी ठेवू नये. शेवटी ठेवले तर प्रेक्षक ‘अरे!’ म्हणेल आणि उठून चहा घ्यायला जाईल. शिवाय त्यातून नकळत असाही अर्थ निघतो की भाऊ नसता तर मारणे चालले असते, आणि ते आपल्याला म्हणायचे नाही, हे आपल्या पत्रावरून मला कळते. भाऊ आहे हे प्रेक्षकाला दुसऱ्याच मिनिटाला सांगा. फौजदाराला सांगू नका. मग तो खुर्ची सरकवून उठला, घड्याळ काढून टेबलावर ठेवले, बाह्या दुमडल्या, की प्रत्येक साध्या हालचालीला प्रेक्षक आपोआप घाबरेल. दूध गॅसवर चढलेले असेल, आणि संगीताची गरज उरणार नाही. फौजदाराला अखेरपर्यंत कळलेच नाही तरी चालेल, किंबहुना मला तेच अधिक आवडेल. पण हे कथेच्या वळणावर अवलंबून आहे आणि तो निर्णय आपलाच.

दुसरे असे की चोरलेली वस्तू लहान ठेवा आणि ती चौकटीत राहू द्या. ‘अर्धसत्य’मध्ये ट्रान्झिस्टर आहे; आपल्याकडे सायकल, गॅसची शेगडी, जुना मोबाइल काहीही चालेल. शिक्षेचे आणि गुन्ह्याचे प्रमाण संवादात सांगू नका, ती वस्तू टेबलावर दिसत राहिली तर पाहणारा स्वतःच ते मोजतो. माझ्या वर्गात आम्ही असाच एक प्रसंग चित्रित करून प्रत्येक विद्यार्थ्याला तीच दृश्ये जोडायला देतो. ज्यांनी मारहाणीच्या मध्ये ती वस्तू एकदाही दाखवली नाही त्यांच्या प्रसंगात फौजदार शूर दिसतो. ज्यांनी एकदाच, मारणारा दमून थांबतो त्या जागी, ती दाखवली त्यांच्या प्रसंगात सगळा वर्ग खाली पाहतो. दृश्ये तीच असतात, कटाची जागा फक्त बदललेली असते.

ठाण्याचे वातावरण उभे करताना खरे ठाणे एकदा पाहून या. रीतसर परवानगी मागितली तर बऱ्याच ठिकाणी दोन तास बसू देतात, निदान माझा अनुभव तसा आहे. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी बसा आणि किती वेळ काहीच घडत नाही ते पाहा. डायरीतल्या नोंदी, पंचनाम्यासाठी पंच मिळवण्याची धावपळ, बंदोबस्तावरून उभ्या उभ्या आलेली माणसे, बाकावर तासभर बसलेली एखादी म्हातारी. आपल्या फौजदाराचा राग या थकव्यातून आला तर तो पटेल. एखाद्या खलनायकाच्या एका वाक्यातून आला तर तो ओढून आणलेला वाटेल. आणि ज्याच्यापुढे त्याचा हात चालत नाही असा माणूस पडद्यावर दाखवण्याची गरजही नाही. टेबलावरचा फोन पुरेसा आहे.

कोठडीच्या प्रसंगाचा पहिला कच्चा जोड तयार झाला की त्यावर संगीत न घालता तो वडिलांना दाखवा. त्या वेळी आपण पडद्याकडे पाहू नका. तो प्रसंग आपल्याला पाठ असेलच. त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांच्या हातांकडे पाहा. मुठी कधी आवळल्या आणि कधी सुटल्या, त्या दोन जागा कागदावर टिपून ठेवा. पुढचा जोड तिथून सुरू करू, मला पाठवलात तर मीही पाहीन.